डॉ. राजा रामण्णा यांचा गौरव आणि तथागतांचे नाव

18 मे 1974 रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने पहिला भूमिगत अणुस्फोट केला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. राजा रामण्णा हे त्याचे प्रमुख शिल्पकार होत. 1975 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 2004 मधील निधनानंतर इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. राष्ट्राने आपल्या वैज्ञानिकाचा केलेला हा गौरव बौद्धांनी निराळा तपासावा असे एरवी काही कारण नव्हते. या स्फोटाला तथागतांचे नाव चिकटले, म्हणून ते निर्माण झाले. 'बुद्ध हसला' हे सांकेतिक वाक्य कोणाला सुचले हा प्रश्न गौण आहे. ते रूढ झाले आणि कोणी नाकारले नाही, हे महत्त्वाचे.

या वाक्याचा निषेध करताना आपले काही लेखक हा स्फोट बुद्धपौर्णिमेस झाला असे निःशंकपणे लिहितात. 1974 ची वैशाख पौर्णिमा 6 मे रोजी होती. 18 मे हा वद्य पक्षातील दिवस. 11 मे 1998 चे स्फोट मात्र खरोखरच बुद्धपौर्णिमेस झाले. टीकाकाराने निदान पंचांग तरी पाहावे!

दुसरी घाई अंगुत्तर निकायाच्या बाबतीत होते. उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. परंतु रामण्णा शस्त्रांचे व्यापारी नव्हते. ते शासनाचे सेवक होते. शिवाय आपल्यापुढे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विवेचन आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला असून अहिंसेला आंधळा नियम मानण्यास नकार दिला आहे. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांकडे आला, तेव्हा त्याला सेनापतिपद सोडण्याचा आदेश मिळाला नाही. 1962 चे चीनशी झालेले युद्ध आणि 1964 ची चिनी अणुचाचणी ध्यानात घेता, रामण्णांनी गरजेचा पक्ष मांडला असता तर तो ऐकून घ्यावा लागला असता. तो मान्य झाला असता की नाही, हा पुढचा प्रश्न.

पण तो पक्ष मांडलाच गेला नाही, आणि आमचा आक्षेप नेमका येथे आहे. शासनाने या स्फोटाला 'शांततामय' म्हटले. तुर्भेच्या ज्या सायरस अणुभट्टीतून प्लुटोनियम मिळाले ती शांततामय उपयोगाच्या वचनावर कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली होती. संरक्षणमंत्री जगजीवनराम हेही निर्णय घेणाऱ्यांत नव्हते. मग संसदेची कथा काय? गरज आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी ती आधी चारचौघांत मांडावी लागते. 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी 350 कोटींच्या वार्षिक उत्पन्नातील सुमारे 180 कोटी लष्करावर खर्च होतात, हा हिशेब जाहीरपणे मांडला होता. ती रीत 1974 मध्ये पाळली गेली नाही. पोखरणचा स्फोट हा बॉम्बच होता, हे रामण्णांनी वृत्तसंस्थेला सांगितले ते 1997 साली, तेवीस वर्षांनी. पंचशीलातील पहिल्या शीलाविषयी वाद घालता येईल. चौथ्या शीलाविषयी वादाला जागा उरत नाही.

म्हणून त्यांचा अनादर करावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. 1956 मध्ये कार्यान्वित झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीच्या पिढीतला हा पदार्थवैज्ञानिक, पाश्चात्त्य संगीताचा जाणकार पियानोवादक आणि संस्था घडविणारा माणूस होता. त्या कर्तृत्वाचा आदर जरूर व्हावा. 1997 चे विधानही, उशिरा का होईना, त्यांच्या जमेच्याच बाजूला लिहावे. इतरांनी तेवढेही केले नाही. मात्र या आदरातून असत्याला शांतीचे नाव देण्याची संमती निघत नाही.

सम्राट अशोकाने कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख धरून नेली गेली, हे तेराव्या शिलालेखात स्वतःहून कोरविले. त्याच अशोकाचे सिंह राजमुद्रेवर मिरविणाऱ्या शासनाने आपल्या शस्त्राला शांतीचा प्रयोग म्हटले. खुद्द रामण्णांनी तो बॉम्ब होता असे सांगितल्यानंतरही त्या स्फोटावरील तथागतांचे नाव तसेच राहिले आहे. आपल्या विहारांतून, संस्थांतून ते काढून टाकण्याची मागणी अधिकृतपणे शासनाकडे जावी.