व्हर्जन जपलं, पण चूकही जपली: पायथॉनच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांबद्दल थोडं परखड



पीएचडीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला सिनियर मंडळी एक सल्ला हमखास देतात: "प्रत्येक प्रोजेक्टसाठी पायथॉनचं वेगळं व्हर्जन, वेगळं एन्व्हायर्नमेंट ठेव, म्हणजे निकाल पुन्हा तसेच येतील." सल्ला चांगला आहे आणि मीही तो देतो. पण गेल्या वर्षी याच सल्ल्यामुळे मी एक मोठी चूक जवळजवळ कायमची सांभाळून ठेवली होती. म्हणून आज या साधनांची तुलना करताना त्यांचं कौतुक करू, आणि त्यांच्याबद्दल जो गैरसमज पसरलाय त्यावर टीकाही करू.

आधी साधनं बघू.

पहिलं व्ही-एन्व्ह. हे 2012 साली पायथॉन 3.3 सोबत आलं आणि पायथॉनबरोबर फुकटच मिळतं. ते प्रत्येक प्रोजेक्टसाठी लायब्ररींचा वेगळा कप्पा करून देतं. मात्र ते नवं पायथॉन आणून देत नाही, हे नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. तुमच्या मशीनवर 3.12 असेल तर कप्प्यातही 3.12 च असणार. "व्ही-एन्व्ह केलं, तरी जुना कोड चालत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरं पाय-एन्व्ह. हे खरोखर अनेक पायथॉन एकत्र नांदवतं. एका फोल्डरमध्ये 3.8, शेजारच्या फोल्डरमध्ये 3.12. पण ते सोर्स कोड उतरवून तुमच्याच मशीनवर पायथॉन बांधतं. सिस्टीमवर आवश्यक लायब्ररी नसतील तर एसक्यूलाइटसारखा एखादा भाग वगळून पायथॉन तयार होतं. सूचना येते, पण आपण ती वाचत नाही, आणि महिन्याभराने डोकं धरून बसतो. शिवाय विंडोजवर हे थेट चालत नाही, त्यासाठी वेगळी आवृत्ती घ्यावी लागते.

तिसरं कॉन्डा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं हे लाडकं, आणि त्याला कारणही आहे. नेटसीडीएफ, एचडीएफ5, जीडाल अशा सी आणि फोरट्रानशी नातं असलेल्या लायब्ररी ते पायथॉनसकट बसवून देतं. पण एन्व्हायर्नमेंटची यादी सरळ काढली तर त्यात त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टीमचे तपशील येतात, त्यामुळे लिनक्सवरची यादी मित्राच्या विंडोजवर बऱ्याचदा चालत नाही. परवान्याचा मुद्दाही आहे: ॲनाकोंडाच्या मूळ भांडारासाठी मोठ्या संस्थांना अटी लागू आहेत, त्या वाचा. शंका असेल तर मिनीफोर्ज घ्या, ते कॉन्डा-फोर्जचं भांडार वापरतं.

चौथं यूव्ही. हे 2024 मध्ये आलं, रस्ट भाषेत लिहिलंय आणि फार वेगवान आहे. ते तयार पायथॉन उतरवतं, म्हणजे बांधणीची कटकट नाही, आणि प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन लॉक फाइलमध्ये नोंदवतं. पायथॉनच्या पॅकेजच्या रूपात जे मिळतं तेवढंच ते देऊ शकतं, ही त्याची मर्यादा. आज मला कुणी एकच साधन सुचवायला सांगितलं तर मी यूव्ही सांगेन, आणि जीडालसारखं काही लागत असेल तर कॉन्डा.

आणि हो, लिनक्सबरोबर आलेल्या पायथॉनला हात लावू नका. डेबियन 12 पासून तर पिप स्वतःच अडवतं. ते अडवणं जबरदस्तीने बाजूला सारायचा उपाय इंटरनेटवर सापडेल, तो करू नका. ते पायथॉन तुमचं नाही, ऑपरेटिंग सिस्टीमचं आहे.

आता मूळ मुद्दा.

माझं काम पावसाच्या दैनंदिन नोंदींवर आहे. एका केंद्राच्या अनेक वर्षांच्या नोंदी, तारखा आपल्याकडच्या पद्धतीने: आधी दिवस, मग महिना. 2020 मध्ये मी पायथॉन 3.8 आणि पांडाज 1.1 वर कोड लिहिला. जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस आणि अतिवृष्टीचे दिवस काढले, त्यावर एक प्रकरण लिहिलं. नंतर नवा लॅपटॉप घेतला, त्यावर 3.12. त्यावर पांडाज 1.1 बसेना, म्हणून पांडाज 2 घेतलं. कोड चालवला तर एरर: तेराव्या ओळीतली 13/01 ही तारीख अपेक्षित साच्यात बसत नाही.

मी काय केलं असेल? सिनियरचा सल्ला आठवला. पाय-एन्व्हने 3.8 बांधलं, जुनं पांडाज बसवलं, कोड चालवला. जुनेच आकडे, दशांशापर्यंत तेच. मी खूश! लॅबमधल्या ज्युनियरला अभिमानाने दाखवलं, "बघ, याला म्हणतात पुनरुत्पादन."

ती म्हणाली, "दादा, पण एरर का आली होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने रोजच्या पावसाचा साधा आलेख काढला आणि परत आली. "दादा, तुमच्या केंद्रावर जानेवारीत दरवर्षी 6 ते 9 तारखेला धो धो पाऊस पडतो. फेब्रुवारीतही 6 ते 9. मार्चमध्येही."

काय झालं होतं ते समजून घ्या. जुनं पांडाज, वेगळं काही सांगितलं नाही तर, प्रत्येक तारीख सुटी वाचायचं आणि आधी महिना आहे असं धरायचं. त्यामुळे 01/06 म्हणजे 1 जून ही 6 जानेवारी झाली. 13/06 मात्र तेरावा महिना नसल्यामुळे गुपचूप 13 जून अशी बरोबर वाचली गेली. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले 12 दिवस उलटे, बाकीचे सुलटे.

आता हिशोब करा. जून ते सप्टेंबर 122 दिवस. त्यातले 13 तारखेपासूनचे 74 दिवस बरोबर. उरलेल्या 48 पैकी 32 दिवस पावसाळ्याबाहेर गेले, 12 दिवस पावसाळ्यातच चुकीच्या तारखेवर बसले, आणि फक्त 4 दिवस (6 जून, 7 जुलै, 8 ऑगस्ट, 9 सप्टेंबर) जागेवर राहिले. बाहेर गेलेल्या 32 दिवसांच्या जागी तितकेच दिवस इतर महिन्यांतून आत आले. म्हणून दिवसांची संख्या 122 च भरली. वर्षाचा एकूण पाऊसही तोच. माझ्या दोन्ही तपासण्या आरामात पास झाल्या!

हंगामाचा पाऊस अपेक्षेपेक्षा कमी दिसत होता हे मला आधीच खटकलं होतं. पण "केंद्र घाटाच्या आतल्या बाजूला आहे" असं स्पष्टीकरण मीच तयार केलं होतं. रोजचा आलेख मी कधी काढलाच नव्हता. दोष लायब्ररीचा नाही, दिवस आधी आहे हे सांगणारा पर्याय तेव्हाही होता. दोष माझा.

एप्रिल 2023 मध्ये आलेलं पांडाज 2.0 पहिल्या तारखेवरून एक साचा ठरवतं आणि न बसणारी तारीख आली की थांबतं. म्हणजे ती एरर माझ्यावर उपकार करत होती. आणि मी काय केलं? उपकार करणाऱ्याला घराबाहेर काढून जुन्या, गप्प बसणाऱ्याला परत आणलं.

म्हणून माझी टीका या साधनांवर नाही, त्यांच्याभोवतीच्या आपल्या समजुतीवर आहे. व्हर्जन जपणारी साधनं "कोड तोच निकाल देतो का" याचं उत्तर देतात. "तो निकाल बरोबर आहे का" हा प्रश्न त्यांच्या कक्षेतच नाही. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं आपण धरून चालतो.

उलट टोकही चुकीचं आहे, हेही सांगतो. "मग व्हर्जन जपायचंच कशाला, नेहमी नवीनच वापरू" असं म्हणू नका. जुनं एन्व्हायर्नमेंट उभं करता आलं म्हणूनच जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी ठेवून चूक नेमकी कुठे होती हे मी मार्गदर्शकांना दाखवू शकलो. ते नसतं तर "काहीतरी बदललंय" एवढंच म्हणता आलं असतं.

म्हणून आता मी दोन एन्व्हायर्नमेंट ठेवतो. एक गोठवलेलं, ज्यात प्रकरणाचे आकडे आले. दुसरं ताजं, ज्यात तोच कोड दर सहा महिन्यांनी चालवतो. दोन्हीकडे आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले, किंवा ताज्यात एरर आली, तर कारण कळेपर्यंत जुन्याकडे पळून जायचं नाही. पायथॉनचं नवं व्हर्जन आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतं आणि प्रत्येकाला साधारण पाच वर्षं आधार मिळतो. तुमची पीएचडी तेवढी चालणारच आहे, तेव्हा ही वेळ तुमच्यावर येणार हे नक्की धरा.

माझं ते प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. दोन तक्ते आणि एक आकृती बदलली, आणि "या केंद्रावर पाऊस तुलनेने कमी" हा परिच्छेद पूर्ण काढला. मार्गदर्शकांसमोर हे सांगताना पोटात गोळा आला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "हे शोधलं कुणी?" मी ज्युनियरचं नाव सांगितलं. आभारात तिचं नाव आता पहिलं आहे.

तुमच्याही फोल्डरमध्ये एखादी दाबून टाकलेली एरर असेल, तर आज संध्याकाळी ती पुन्हा उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.