सीबीडीचं तेल आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द

आज एका शब्दाची झडती घ्यायची आहे. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे भांगेच्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य. त्याच्या तेलाच्या जाहिराती आता आपल्या अमरावती-अकोल्यातल्या मोबाइलवरही येतात. सांधेदुखी, झोप, मधुमेह, विसरभोळेपणा, सगळ्यांवर एकच कारण पुढे केलं जातं : यात जबरदस्त अँटिऑक्सिडंट गुण आहेत. कारण खोटं नाही. त्यावर जे इमले बांधलेत ते मात्र पोकळ आहेत.

आधी नावाचा घोळ. जाहिरातीत ‘हेम्प’ लिहिलेलं असतं. इंग्रजीत हा शब्द फार सैल. आपला ताग म्हणजे ‘सन हेम्प’, आणि भाकरीबरोबर खातो ती अंबाडी ‘डेक्कन हेम्प’. या दोघांचा भांगेशी काडीचा संबंध नाही, बरं का. भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयने २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली, पण बियांच्या तेलात सीबीडी नावापुरतंच. ते जवसाच्या पंगतीतलं तेल. पानांपासून केलेलं ‘विजया’चं औषध निराळं. औषध नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, म्हणून बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा छापावा लागतो.

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? जवसाचं तेल उघडं ठेवलं की लवकर खवट होतं, ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. ही क्रिया अडवणारा पदार्थ तो अँटिऑक्सिडंट. सीबीडी ती अडवतं. १९९८ मध्ये अमेरिकेत हॅम्पसन, अ‍ॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशी काचपात्रात वाढवल्या, त्यांवर ग्लुटामेटचा मारा केला. सीबीडी दिलेल्या पेशी जास्त वाचल्या. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वापेक्षाही ते सरस ठरलं. काम चोख आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण त्याच प्रयोगात नशा आणणारं टीएचसीसुद्धा तसंच अँटिऑक्सिडंट ठरलं होतं. हे कुठल्या जाहिरातीत वाचलंत का? याच कामावरून २००३ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याला पेटंट मिळालं, आणि विक्रेते ते प्रमाणपत्रासारखं मिरवतात. पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क. माणूस बरा झाला याचा तो दाखला नव्हे.

काचपात्रात पेशीला सीबीडी थेट मिळतं. तोंडाने घेतलं की बराचसा भाग यकृतच मोडून टाकतं, रक्तात थोडाच पोचतो. आणि पोचला तरी काय? फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास झाला. बीटा-कॅरोटीन तर गाजरातलं, नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. १९९४ ला निकाल आला : ज्यांना त्याच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. शरीर म्हणजे तेलाची बरणी नाही हो. जंतू मारायला आपल्याच पांढऱ्या पेशी ऑक्सिडीकरण वापरतात.

मग सीबीडी निरुपयोगी का? मुळीच नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्रॅव्हेट आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या फिट्सच्या दोन दुर्मीळ, अवघड आजारांवर शुद्ध सीबीडीला मान्यता दिली. ती मिळाली रुग्णांवरच्या चाचण्यांमुळे, फिट्स मोजून. अँटिऑक्सिडंट आहे म्हणून नव्हे. तिथला डोस पाहा : किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे आणखी जास्त. २० किलोच्या पोराला रोज २०० मिलिग्रॅम. बाटलीवर एकूण १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल, तर ती पाच दिवसांत संपली. आणि या डोसला यकृताची तपासणी करत राहावी लागते, विशेषतः व्हॅल्प्रोएट चालू असेल तर. क्लोबाझाम चालू असेल तर त्याचा परिणाम वाढून पोर सुस्त पडतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या आजोबांना तर रक्तस्रावाचा धोका. म्हणून घरात कुणी हे तेल आणलं असेल, तर चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि ती बाटली, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि फिट्सची गोळी मनाने बंद करू नका. ती अचानक थांबवली की फिट्स उलटून, थांबता थांबत नाहीत अशाही येतात.