एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध, कलंक आणि प्रकटीकरण : आफ्रिकेतील युवतींच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एच.आय.व्ही.ची बाधा होऊ नये म्हणून निरोगी व्यक्तीने औषध घ्यावे, ही कल्पना वैद्यकशास्त्रात आता रूढ झाली आहे. टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन यांच्या संयुक्त गोळीला या उपयोगासाठी अमेरिकेत 2012 मध्ये व दक्षिण आफ्रिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. तथापि, ज्या युवतींना तिची अत्यंत गरज आहे, त्यांपैकी अनेकजणी ती लपवून घेतात किंवा सोडून देतात. याचा दोष बहुधा युवतीच्या वर्तनात शोधला जातो. ही मांडणी एकांगी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन चाचण्यांची साक्ष

दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वे येथे 2009 ते 2012 या काळात 5,029 स्त्रियांचा सहभाग असलेली ‘व्हॉइस’ चाचणी झाली. स्त्रियांच्या सांगण्यानुसार औषधसेवनाचे प्रमाण सुमारे 90 टक्के होते. परंतु गोळ्या घेणाऱ्या गटांच्या रक्ताच्या सुमारे 30 टक्के नमुन्यांतच औषध आढळले. याउलट केनिया व युगांडातील जोडप्यांच्या चाचणीत याच संयुक्त गोळीमुळे संसर्ग 75 टक्क्यांनी घटल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे एक जोडीदार बाधित असल्याचे दोघांनाही ठाऊक होते. दोन्ही गटांत वयाचा व वैवाहिक स्थितीचा फरक होता, हे खरे. पण पहिल्या गटातील युवतीच्या गोळीचा अर्थ आई, शेजारी किंवा मित्र लावणार होते, तर दुसऱ्या गटात तो पती-पत्नींमध्ये आधीच स्पष्ट होता.

कलंकाचे मूळ

बाधितांच्या उपचारातही हीच औषधे वापरली जातात. त्यामुळे आपणास बाधित समजले जाईल, ही भीती ‘व्हॉइस’मधील जोहान्सबर्गच्या स्त्रियांच्या मुलाखतींतून व्यक्त झाली. दक्षिण आफ्रिकेने 2016 मध्ये हे औषध प्रथम देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना उपलब्ध करून दिले. आरोग्यदृष्ट्या हा क्रम समर्थनीय होता. परंतु त्यातून चारित्र्याविषयीच्या संशयालाही वाव मिळाला. अशा वेळी पिशवीत खुळखुळणारी बाटली युवतीच्या आधीच बोलून जाते. म्हणजेच कलंकाचा काही भाग औषध देण्याच्या पद्धतीतूनही निर्माण होतो.

प्रकटीकरण : कर्तव्य की अधिकार?

जोडीदाराला विश्वासात घेतल्यास औषध नियमित घेणे सोपे जाते, हा आक्षेप विचारार्ह आहे. मात्र जोडीदार वयाने मोठा, खर्च भागवणारा किंवा हिंसक असेल, तेथे मौन हाच विवेकी निर्णय ठरतो. संशोधकासमोर दिलेल्या खोट्या होकारामागेही अशीच विषम सत्ता असू शकते. त्याला केवळ असत्यकथन म्हणणे हे अर्धेच वाचन होय.

सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकापाव्हिर इंजेक्शनच्या चाचणीत ते घेणाऱ्या दक्षिण आफ्रिका व युगांडातील 2,134 युवतींपैकी एकीलाही बाधा झाली नाही, असे 2024 मध्ये जाहीर झाले. यामुळे घरात काही लपवावे लागत नाही, हा मोठाच दिलासा आहे. परंतु दवाखान्याच्या रांगेतील नजरा त्याने बदलत नाहीत.

निष्कर्ष

किती युवतींनी सांगितले, यावरून कार्यक्रमाचे यश मोजणे योग्य नाही. न सांगताही त्या सुरक्षित राहू शकतात काय आणि सांगितल्यास त्यांना कोणती किंमत मोजावी लागते, हे निकष अधिक न्याय्य ठरतील. प्रकटीकरण हा युवतीचा अधिकार आहे. ती उपचाराची अट होता कामा नये.