‘नव्यासारखी’ या शब्दाची समीक्षा



निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून आमच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी फोन केला. “सर, तत्त्वज्ञान सोडलंत आणि गॅरेज काढलंत काय?” सोडलेलं नाही. उलट गेली दोन वर्षं गंजलेल्या गाडीखाली सतरंजी टाकून पडल्यावर काही जुने प्रश्न पहिल्यांदाच नीट कळले, असं म्हणावं लागेल.

आधी ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते सांगतो. आम्ही, आमच्या सौ. आणि आमचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर घराच्या, शेताच्या वाटण्या झाल्या. त्या वेळी जे बोलणं झालं, त्यानंतर आम्ही भाऊ नऊ वर्षं एकमेकांकडे जेवलो नाही. वाटणीतून एकच वस्तू राहिली, कारण ती कुणालाच नको होती. ती म्हणजे 1974 सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती रत्नागिरीच्या नोकरीत वापरली, म्हणजे खारा वारा आणि कोकणचा पाऊस दोन्ही तिने खाल्ले. नंतर ती कोल्हापूरला परसात उभी राहिली. एका गॅरेजने तीन लाखांच्या पुढचा आकडा सांगितला. आमच्या दोघांच्या पेन्शनीत मिळून 80,000 रुपये बसत होते. म्हणून घरीच करायचं ठरलं, आणि पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाला, “करायची तर नव्यासारखी करायची.” आज त्या एका शब्दाची समीक्षा करायची आहे.

या शब्दात तीन वेगळे अर्थ दडलेले आहेत. नव्यासारखी चालणारी, नव्यासारखी दिसणारी आणि नव्यासारखी असलेली. बोलताना आपण एकावरून दुसऱ्यावर कधी घसरतो, ते कळत नाही.

पहिला अर्थ घेऊ. तो आम्हाला पूर्ण मान्य आहे, पण मान्य करायला वेळ लागला. आमचं सुरुवातीचं मत होतं की जुनं शक्य तेवढं राखावं, गंजसुद्धा. जॉन रस्किनने 1849मध्ये इमारतींच्या पुनःस्थापनेवर घणाघाती टीका केली. त्याच्या मते ते वास्तूचं संपूर्ण नष्ट होणंच होतं. ते आम्ही वर्गात मोठ्या आवाजात शिकवलं होतं. भावाने काही न बोलता हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि दारांच्या खालून पुढून मागे जाणारी पत्र्याची पोकळ पेटी दाखवली. वरून रंग ठीक होता. टोचलं तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगणं भाग आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो. ती दाराखालची पेटी म्हणजे घराची तुळई. ती कुजली की गाडी मधून खचते, आणि दार लागेनासं होतं तेव्हा मालकाला वाटतं बिजागरी गेली. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की सांधा फुगवून उघडतो. वरून पुट्टी भरली तर ओल आतच कोंडते आणि काम दुप्पट वेगाने बिघडतं. जुनी गाडी घेणाऱ्याने खिशात एक लोहचुंबक ठेवावं. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

तर इथे रस्किन हरला. आम्ही दोन्ही पेट्या कापल्या, एका वेळी एकच बाजू. कापण्यापूर्वी दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करून घेतले, नाहीतर बॉडी वाकते आणि मग कुठलंच दार कधीच लागत नाही. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेली. हे काम करणाऱ्या कुणीही ही पायरी वगळू नये. ब्रेकवरही पैसा वाचवला नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. त्यांचे सिलिंडर, रबरी होज, ऑइल सगळं नवं. भार वाहणारी वस्तू नव्यासारखी असलीच पाहिजे. तिथे आठवणींचा मुलाहिजा नाही.

आता दुसरा अर्थ, नव्यासारखी दिसणारी. आजकाल ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवणाऱ्या चित्रफिती सगळे पाहतात. आम्हीही पाहिल्या, आवडीने. आमचा आक्षेप एवढाच की त्यांत ‘आधी’ म्हणजे फक्त घाण असते. पन्नास वर्षांत गाडीचं जे झालं, ते सगळं दोष म्हणूनच मोजलं जातं. ही दृष्टी जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक म्हणत असे की पुनःस्थापना म्हणजे वास्तूला अशा पूर्ण अवस्थेत आणणं, जी कदाचित कधीच अस्तित्वात नव्हती. आरशासारखा चकचकीत रंग लावलेली पद्मिनी ही तशीच वस्तू आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून तेव्हा निघालेल्या गाडीवर असला रंग नव्हता.

तिसऱ्या अर्थाकडे जाताना मिलिंदपञ्हातला रथ आठवतो. राजा मिलिंद म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? प्रत्येकाला उत्तर ‘नाही’. मग रथ हे भागांच्या आधाराने चालणारं एक नाव ठरतं. आम्ही हे तीस वर्षं शिकवलं, पण त्यातला दिलासा आत्ता समजला. गाडीचं ‘गाडीपण’ कुठल्याच एका भागात नसेल, तर कुठलाही एक भाग बदलताना घाबरायचं कारण नाही.

आमच्या गाडीच्या बाबतीत तर नावही स्थिर नाही. इटलीची फियाट 1100 डी इथे 1964पासून बनू लागली. 1970च्या दशकाच्या आरंभी ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, 1974मध्ये ‘पद्मिनी’. पत्रा तोच, पाटी बदलली. आणि लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले, “फियाट काढ रे.”

पण नागसेनाचं उत्तर पुरत नाही. थीसियसच्या जहाजाच्या कोड्यात हॉब्जने एक खोच घातली होती. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? आमचं डावं मागचं दार पार गेलं होतं. भावाने मुंबईच्या भंगारातून दुसरं आणलं. रंग खरवडला तर खाली काळा रंग. ते टॅक्सीचं दार होतं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून संपल्या. त्यांच्यातल्या एकीचा अवयव आमच्या अंगणात आला होता. वडिलांच्या गाडीत आता अनोळखी माणसांच्या हजारो फेऱ्यांचीही साक्ष आहे. म्हणून ‘असलेपण’ भागांत नाही हे खरं, तरी भागांना स्मृती असते हेही खरं.

सरकारी नियमाची गंमत इथेच आहे. जुलै 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. अट अशी की ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. हेतू चांगला आहे. पण नियम ‘स्वरूप’ जपतो, आणि गंज खातो ते ‘द्रव्य’. त्याच आकाराचा नवा पत्रा चालेल, पण वापराच्या खुणांबद्दल नियमाला काही म्हणायचं नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, 2012मध्ये संमत केलेली ट्यूरिन सनद या बाबतीत पुढे आहे. ती वाहनाच्या वापराचा इतिहासही जपण्याजोगा मानते.

आमच्या हाती लागलेली कसोटी साधी आहे. प्रत्येक भागाला विचारायचं, तू भार वाहतोस की साक्ष देतोस? भार वाहणारा बदलायचा. साक्ष देणारा फक्त गंजापासून वाचवायचा. आमच्या सौ.नी हे काम घेतलं. पशुखाद्याच्या दुकानातली मळी, एक भाग मळीला नऊ भाग पाणी, पिंपात बिजागऱ्या, कंस, जॅकचे भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचे. वास भयंकर, खर्च किरकोळ. गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. फक्त ॲल्युमिनियम त्यात टाकू नये. धुतल्यावर लगेच वाळवून प्रायमर मारावा, नाहीतर तासाभरात पुन्हा लाली चढते.

आणि जिथे भार आणि साक्ष एकाच पत्र्यात आली? ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर. क्लचवरून पाय काढून टेकवायची वडिलांची एक जागा होती, तिथे टाचेने खळगा पडला होता. नेमकी तीच जागा चाळणी झाली होती. आम्ही दोघं त्या दिवशी बराच वेळ काही बोललो नाही. मग भावानेच ग्राइंडर उचलला. तो तुकडा जपून फ्रेम करावा असं आम्हाला वाटलं होतं. हातात घेताच त्याचा भुगा झाला. ती हानी आहे, आणि तिला तत्त्वज्ञानाने भरून काढता येत नाही.

नव्या फ्लोअरच्या वेल्डिंगची शिवण आम्ही घासून सपाट केली नाही, पुट्टीही भरली नाही. रेड ऑक्साइड आणि रंग, बस. मॅटिंग उचललं की नवं कुठे सुरू होतं ते दिसतं. चेझारे ब्रांदी या इटालियन विचारवंताने चित्रांच्या बाबतीत हेच मांडलं होतं: भरलेली जागा जवळून ओळखू यावी. आमच्याकडे तत्त्व आणि बजेट एकाच जागी भेटले, कारण घासण्या-भरण्याचीच मजुरी मोठी असते. पैसा भरपूर असता तर आम्हीही सगळं गुळगुळीत केलं असतं, हे कबूल करतो. टॅक्सीच्या दाराची आतली कड काळीच ठेवली आहे. दार उघडलं की दिसते.

गाडी चालते. रंग मात्र ठिकठिकाणी जुनाच आहे, आणि भावाला तो पुढच्या वर्षी पूर्ण काढायचा आहे. त्याचं म्हणणं, वडिलांना गाडी चकचकीत आवडायची, दर रविवारी ते स्वतः पुसायचे. मग त्यांची आठवण मळक्या रंगात कशी? या युक्तिवादाला आमच्याकडे अजून उत्तर नाही. वाद चालू आहे. तो आता रविवारी जेवणाच्या पानावर चालतो, हे आम्हाला पुरेसं वाटतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. ब्रांदीबद्दल असतील तर आम्हाला. वेल्डिंगबद्दल असतील तर तिसऱ्या रांगेत आमचा भाऊ बसला आहे, त्याला.