‘संस्कार’ आणि ‘करार’ : समलिंगी विवाहास होणाऱ्या धार्मिक विरोधाची परिभाषा

इंदापूर तालुक्यातील सणसर येथे संत तुकाराममहाराजांच्या पालखीचा बारामतीनंतरचा मुक्काम परंपरेने पडतो. हे गाव ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते, त्याच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये एक अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली समलिंगी जोडप्यांनाही विवाह करता यावा, हा त्याचा हेतू होता. सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये ते व्यपगत झाले. मात्र तोच प्रश्न २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि त्या निमित्ताने धर्माच्या नावाने जे युक्तिवाद झाले त्यांची भाषा तपासण्याजोगी आहे.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या वतीने दत्तात्रेय होसबाळे यांनी मार्च २०२३ मध्ये प्रतिपादन केले, की हिंदू जीवनात विवाह हा संस्कार होय. तो करार नव्हे. जमियत उलमा-ए-हिंद या संघटनेनेही न्यायालयात विरोध नोंदविला. परंतु मुस्लिम विधीप्रमाणे निकाह हा स्वरूपतः करारच आहे. म्हणजे एका पक्षाच्या मते विवाह करार नसल्यामुळे तो समलिंगी असू शकत नाही, आणि दुसऱ्याच्या मते करार असूनही असू शकत नाही. परस्परविरुद्ध आधारविधानांतून एकच निष्कर्ष निघत असेल, तर तो त्या विधानांतून निघालेला नाही, हे उघड आहे. निष्कर्ष आधी ठरला आणि शब्द मागाहून आले.

शब्दांच्या व्युत्पत्तीचा आधार घ्यावा, तर तोही डळमळीत आहे. ‘विवाह’ म्हणजे वधूला वाहून नेणे. मग घरजावयाचे लग्न हा विवाहच ठरणार नाही. ‘लग्न’ हा तर मूळचा ज्योतिषातील मुहूर्ताचा शब्द. ‘दंपती’ म्हणजे घराचे दोन स्वामी. त्यात लिंगाचा उल्लेख नाही. तिसऱ्या विवाहापूर्वी पुरुषाने रुईच्या झाडाशी अर्कविवाह लावावा, असे धर्मशास्त्रीय निबंध सांगतात, आणि तुळशीचे लग्न तर घरोघरी लागते. अर्थात यावरून समलिंगी विवाहास शास्त्राधार मिळतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शब्दाची व्याप्ती विरोधक सांगतात तेवढी आखीव कधीच नव्हती, इतकेच यातून सिद्ध होते.

वारकरी भाषेविषयीही हाच विवेक राखला पाहिजे. विठ्ठल ‘माउली’ होतो, पुरुष संत विरहिणीच्या मुखाने बोलतात, आणि सणसरच्या मुक्कामी दाढीमिशांचा वारकरीही दुसऱ्यास ‘माउली’ म्हणूनच हाक मारतो. व्याकरणातील लिंग आणि देहाचे लिंग यांची फारकत या भाषेला परकी नाही. पण ती उपासनेची भाषा आहे. तिच्यातून कायद्याचे कलम काढू पाहणारे समर्थक विरोधकांचीच चूक उलट दिशेने करतात.

खरा प्रश्न विशेष विवाह कायद्याचा आहे. १८७२ च्या मूळ कायद्याखाली लग्न करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी धर्म मानीत नसल्याचे लिहून द्यावे लागे. १९५४ मध्ये ती अट गेली. या कायद्यास ना सप्तपदीची अपेक्षा आहे ना काजीची. जेथे संस्कार मुळात अभिप्रेतच नाही, तेथे संस्कारभंगाची तक्रार कशी संभवते, याचे उत्तर विरोधकांच्या मांडणीत आढळत नाही. आपल्या वेदीवर कोणाचे लग्न लावावे हे ठरविण्याचा धर्मसंस्थेचा अधिकार रास्त आहे. निबंधकाच्या कचेरीपर्यंत तो पोहोचत नाही.

समर्थकांची अडचण वेगळी आणि अधिक अवघड आहे. ‘पती’ व ‘पत्नी’ यांच्या जागी ‘जोडीदार’ लिहिणे सोपे वाटते. परंतु त्याच कायद्यात पोटगीचा हक्क केवळ पत्नीला आहे, आणि तो स्त्रीच्या दुर्बल स्थितीचा विचार करून दिलेला आहे. लिंगनिरपेक्ष वाचनाने स्त्रियांचे संरक्षण ढळेल, ही न्यायमूर्ती भट यांची शंका धार्मिक आक्षेपांहून कितीतरी वजनदार आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. कायदेशीर सहजीवनास मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही निकालात निघाल्या.

दरम्यान, २०२४ मध्ये केंद्र सरकारने कळविले, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे पत्नी.