ठेवणीतली गाणी आणि दौऱ्याची यादी

नव्या रॉक बँडपुढचा प्रश्न असा असतो की दोन तास भरतील एवढी गाणी आणायची कुठून. जुन्या बँडचा प्रश्न उलटा असतो. लंडनच्या ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडचे १९८० ते २०२१ या काळात १७ स्टुडिओ अल्बम निघाले. मंचावर वेळ मात्र तोच, साधारण दोन तासांचा, आणि त्यात बसतात पंधरा ते सतरा गाणी. शंभराहून अधिक गाणी घरी ठेवून निघावं लागतं. कोणती ठेवायची?

बहुतेक जुने बँड याचं उत्तर शोधतच नाहीत. लोकप्रिय दहा-बारा गाणी, मध्ये नव्या अल्बममधली दोन लाजत-लाजत पेरायची, आणि ती सुरू झाली की प्रेक्षक पाय मोकळे करायला निघतात. हे दुकान वर्षानुवर्षं चालतं. माझं म्हणणं असं आहे की दौऱ्याची यादी ठरवणं हे समीक्षेचं काम आहे. आपल्याच कामाकडे आज आपण कसे पाहतो, हे बँड त्या यादीतून सांगत असतो. मेडनच्या याद्या मी बरीच वर्षं वहीत उतरवत आलो आहे, आणि हे काम इतक्या उघडपणे करणारा दुसरा जुना बँड मला दिसलेला नाही.

२००६चं उदाहरण घ्या. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा ७२ मिनिटांचा नवा अल्बम त्यांनी दौऱ्यात पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग वाजवला. दहाच्या दहा गाणी. जुनी उरली फक्त पाच, तीही शेवटी. पुष्कळ चाहते चिडले. पैसे मोजून आलेल्या माणसाला तासाभराहून अधिक अनोळखी संगीत ऐकवणं हा उद्दामपणा वाटू शकतो. पण स्टीव्ह हॅरिस आणि मंडळी त्यातून एक विधान करत होती: हा बँड अजून लिहितो आहे, याला संग्रहालयात बसवू नका. मला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र जोडीला पुढच्या दौऱ्यात जुन्या गाण्यांचं देणं फेडलं, म्हणून.

तो पुढचा दौरा सुरू झाला मुंबईत, १ फेब्रुवारी २००८ रोजी, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. बँडचं बोइंग ७५७ त्यानेच चालवत आणलं होतं. यादी जवळजवळ सगळी १९८०च्या दशकातली. मंचाची सजावटही १९८४-८५च्या दौऱ्यातल्या इजिप्तच्या देखाव्यावर बेतलेली.

हा स्मरणरंजनाचा कार्यक्रम होता, असं पाश्चात्त्य संगीतावर लिहिणारे सहज म्हणतील. त्या शब्दाला माझी हरकत आहे. ज्याने १९८४ साली लंडनमध्ये ‘पॉवरस्लेव्ह’ समोर बसून ऐकलं, त्याच्यासाठी ते स्मरण. आम्ही ते ऐकलं होतं कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवरून, जिच्यात झांजांचा आवाज वाळूसारखा येई. त्या मैदानावर मीही होतो. माझ्या आजूबाजूला निम्मी मुलं त्या अल्बमनंतर जन्मलेली होती. ‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ हे कोलरिजच्या कवितेवर बेतलेलं तेरा मिनिटांहून लांब गाणं. त्याच्या मध्यावर वाद्यं जवळजवळ थांबतात, जहाजाची करकर तेवढी ऐकू येते. तिथे गोंगाट होईल असं मला वाटलं होतं. लोक गप्प उभे राहिले. त्या रात्री त्या मैदानात ते गाणं नवंच होतं.

म्हणजे ‘जुनं’ आणि ‘नवं’ ही गाण्याची जात नव्हे. ते ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. एकाच यादीने जग फिरणाऱ्या बँडला हे विसरून चालत नाही. दरवर्षी त्यांना ऐकणारा युरोपातला चाहता दुर्मीळ गाणं मागतो. आयुष्यात एकदाच ऐकायला मिळणाऱ्याला ‘द ट्रूपर’ हवंच असतं, आणि त्यात त्याची अभिरुची कमी पडत नाही.

ग्रेटफुल डेड किंवा पर्ल जॅम यांनी यावर दुसरा तोडगा काढला: यादी रोज बदलायची. आपल्याकडच्या मैफलीला ही पद्धत जवळची. गवई समोरचे श्रोते पाहून राग ठरवतो, फर्माईश घेतो. मेडनला ते सहज जमणारं नाही. त्यांचे मागचे पडदे गाण्यागणिक बदलतात; प्रकाश, आगीचे लोळ, ‘एडी’ नावाचं ते राक्षसी बाहुलं, सगळं गाण्याला बांधलेलं असतं. यादी आधी ठरते आणि दौराभर जवळपास तीच राहते. संगीत नाटकासारखंच म्हणा: पदं ठरलेली, प्रवेश ठरलेले. तरीही एक जागा रोज मोकळी ठेवायला काय हरकत होती? पडदा काळा ठेवून एखादं गाणं त्या गावासाठी वाजवता आलं असतं. दोन तासांतली पाच-सहा मिनिटं!

२०२३ची यादी मला सर्वांत धीट वाटते. १५पैकी दहा गाणी दोनच अल्बममधली: पाच १९८६च्या ‘समव्हेअर इन टाइम’मधली, पाच २०२१च्या ‘सेनजुत्सू’मधली. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ नाही, ‘रन टू द हिल्स’ नाही. त्याऐवजी ‘अलेक्झांडर द ग्रेट’, जे १९८६पासून एकदाही मंचावर आलं नव्हतं. पस्तीस वर्षांचे अंतर असलेले दोन अल्बम शेजारी ठेवले की नव्यातली लांबण जुन्यात आधीपासूनच होती, हे कानाला कळतं. कुठल्याही लेखापेक्षा लवकर.

शरीराचाही विचार यादीत असावा लागतो, आणि त्याबद्दल बोलायला सगळे कचरतात. ‘एसेस हाय’ हे फार वरच्या पट्टीतलं गाणं. २००८मध्ये आणि २०१८मध्येही कार्यक्रम त्यानेच सुरू होई. मधल्या काळात, २०१५मध्ये, डिकिन्सनने जिभेच्या कर्करोगावर उपचार घेतले होते. २०२५च्या दौऱ्यात तेच गाणं शेवटच्या टप्प्यात गेलं, गळा पुरता तापल्यावर. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. पट्टी न उतरवता जागा बदलणं, हा मला प्रामाणिक मार्ग वाटतो.

याच २०२५च्या दौऱ्याशी माझं भांडण आहे. बँडच्या पन्नाशीचा दौरा, आणि गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, १९८० ते १९९२. सुरुवात १९८१च्या ‘मर्डर्स इन द रू मॉर्ग’ने, हे उत्तमच. पण पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना त्यानंतरचे आठ अल्बम खात्यावरच नाहीत! त्यातले दोन ब्लेझ बेली गायक असतानाचे, १९९५ आणि १९९८चे. ते लोकप्रिय नव्हते हे मान्य. तरी त्यांतली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ २०१८च्या दौऱ्यात डिकिन्सनने गायली, तेव्हा ती बेलीच्या आवाजाला बांधलेली नव्हती हे सिद्ध झालंच होतं. २००६मध्ये चिडलेल्या चाहत्यांसमोर ज्या बँडने नवा अल्बम अख्खा वाजवला, त्याच बँडने एकोणीस वर्षांनी तो अल्बम यादीच्या हद्दीबाहेर ठेवला. त्यातलं ‘फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड’ नऊ मिनिटांचं आहे. त्याच्यासाठी ‘रन टू द हिल्स’ आणि ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ मी एका रात्रीपुरती काढली असती.