शोकात्म नायक : बळी की अपराधी?

शोकात्मिकेच्या नायकाविषयीची आपली चर्चा बहुधा एका पर्यायी प्रश्नापाशी येऊन थांबते : हा नायक परिस्थितीचा बळी मानावा, की आपल्या व इतरांच्या नाशाला कारण झालेला खलपुरुष? हे दोन्ही शब्द मुळात न्यायनिवाड्याचे आहेत. एकाने नायक निर्दोष ठरतो, दुसऱ्याने दोषी. शोकात्मिकेचा अनुभव मात्र या दोन निकालांपैकी कोणत्याच एका निकालात मावत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नायकाला बचाव उपलब्ध असतो का, आणि असल्यास तो बचाव कोण मांडतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरावे. त्यासाठी ग्रीक, संस्कृत आणि मराठी परंपरेतील प्रत्येकी एक नायक येथे विचारात घेतला आहे.

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात हे दोन्ही पर्याय आरंभीच बाजूला ठेवले आहेत. सर्वथा सज्जन माणसाचा अधःपात पाहून भीती किंवा करुणा निर्माण होत नाही, मनाला केवळ धक्का बसतो. दुर्जनाचा अधःपात न्यायबुद्धीला सुखावतो, पण करुणा जागवत नाही. उरतो तो या दोहोंमधला माणूस, ज्याचा नाश दुष्टपणातून नव्हे तर 'हामार्तिया'तून होतो. या संज्ञेचे 'स्वभावदोष' असे भाषांतर आपल्याकडे रूढ झाले असले, तरी तिचा रोख प्रमादाकडे, नेम चुकण्याकडे अधिक आहे.

ॲरिस्टॉटलला प्रिय असलेला ईडिपस या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, कारण सोफोक्लीसने एकाच नायकाच्या तोंडी दोन वेगळी उत्तरे घातली आहेत. 'ईडिपस राजा'त सत्य उघड झाल्यावर हे दुःख अपोलोने आणले असे तो म्हणतो. पण डोळे फोडणारा हात माझाच, हेही त्याच श्वासात सांगतो. पितृवध अजाणता घडला, हा बचाव त्याला तेव्हाही उपलब्ध होता. तो त्याचा आश्रय घेत नाही. इ. स. पू. ४०१ मध्ये, सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलेल्या 'कोलोनस येथील ईडिपस' या नाटकात मात्र वृद्ध ईडिपस हाच बचाव तपशीलवार मांडतो : आधी हल्ला माझ्यावर झाला, समोरचा माणूस कोण हे मला ठाऊक नव्हते, विवाह नगराने घडवून आणला, ही कृत्ये मी केली नाहीत, ती मला सोसावी लागली. घटना त्याच, माणूसही तोच. तरीही दुसऱ्या नाटकाची प्रकृती निराळी आहे. तेथे नायकाच्या पतनाऐवजी त्याच्या मरणाला लाभणारे पावित्र्य केंद्रस्थानी येते. घटना तशाच ठेवून त्यांकडे पाहण्याची नायकाची भूमिका बदलली, की शोकात्मतेचे स्वरूपही बदलते, हे यातून दिसते.

अभिजात संस्कृत नाटक आणि शोकात्मिका यांचे नाते विरळच. या संदर्भात ज्याचे नाव नेहमी घेतले जाते ते भासाच्या नावावरील 'ऊरुभंग' आपल्या प्रश्नाला उलट दिशेने भिडते. येथे नायक होणारा दुर्योधन महाभारताच्या वाचकाला खलपुरुष म्हणूनच परिचित आहे. गदायुद्धाचा नियम मोडून भीमाने त्याच्या मांड्यांवर प्रहार केला, म्हणजे या क्षणी तो खरोखरच अन्यायाचा बळी आहे. मूळ गदापर्वात कृष्ण त्याच्या अपराधांची यादी वाचतो, तेव्हा दुर्योधन आपल्या राजवैभवाचा आणि वीरमरणाचा अभिमान सांगतो. नाटककाराने ही रचना पालटली आहे. 'ऊरुभंगा'त सूडाने पेटलेल्या अश्वत्थाम्यासमोर द्रौपदीचे केस, अभिमन्यूचा वध आणि द्यूताचे कपट यांची आठवण दुर्योधन स्वतःच करून देतो. आपल्यावर झालेल्या अन्यायाची फिर्याद करण्याची संधी असताना तो आपल्या हातून झालेल्या अन्यायाची नोंद करतो. लहानगा दुर्जय सवयीने मांडीवर बसू पाहतो आणि बापाला त्याला दूर करावे लागते, त्या प्रसंगातील करुणा या कबुलीमुळे खोटी वाटत नाही.

मराठीत हा प्रश्न राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'ने सर्वाधिक तीव्रतेने उभा केला. गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्येच, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील. न्यायालयातला अपमान, सनदेवर आलेली गदा आणि तळीरामाने पुढे केलेला प्याला एवढ्यावर त्याच्या अधःपाताची उभारणी झाली आहे. ही कारणे पुरेशी आहेत का, हा आक्षेप जुनाच आहे. परंतु या कारणांकडे नाटकाने नायकासाठी रचून ठेवलेला बचाव म्हणून पाहिले, तर त्यांचे कार्य स्पष्ट होते. सुधाकराला बळी ठरवण्याची सारी सामग्री नाटकात आहे. तळीराम तर दोषाचा धनी होण्यास आयताच उभा आहे.

तरीही ईडिपस आणि सुधाकर यांच्यात एक मूलभूत भेद आहे. ईडिपसला आपण काय करतो आहोत हे ठाऊक नसते; सुधाकराला ते शुद्धीवर येताक्षणी कळत असते, आणि कळूनही तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. शिवाय त्याच्या पतनाचे मोल तो एकटा देत नाही. माहेरची मदत घ्यायची नाही या बंधनात सिंधू दळण दळून संसार रेटते. नशेतल्या सुधाकराच्या हातून मुलाचा मृत्यू ओढवतो, आणि सिंधूलाही जीवघेणी दुखापत होते. अशा वेळी सुधाकराला बळी म्हणणे म्हणजे सिंधूसाठी आणि त्या मुलासाठी आवश्यक असलेला शब्द त्यांच्याकडून काढून घेणे होय. नायकाविषयीच्या सहानुभूतीने भारलेल्या समीक्षेत हे नकळत घडत आले आहे.

नाटकाचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. मरणोन्मुख सिंधू पतीवर आळ येऊ नये म्हणून फौजदारापुढे खोटे सांगते. म्हणजे नायकाला निर्दोष ठरवणारी साक्ष येथे अन्याय सोसणाऱ्या व्यक्तीच्याच तोंडून येते. पातिव्रत्याचा हा गौरव आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो, आणि ती अस्वस्थता रास्त आहे. सुधाकर मात्र त्या साक्षीच्या आड लपत नाही; विष घेऊन तो आपला शेवट करतो. आयुष्यभर इतरांचे बचाव मांडणे हा ज्याचा व्यवसाय, तो स्वतःच्या खटल्यात बचाव मांडत नाही. एवढ्यापुरता तो शोकात्म नायक ठरतो. परंतु ईडिपसची कबुली थीब्जच्या नगरजनांसमक्ष होते, दुर्योधनाची आप्तांच्या आणि मुलाच्या समोर होते. सुधाकराची कबुली ज्यांचे देणे होते त्यांच्या काहीही उपयोगाची राहिलेली नसते. मृत्यूने तो शिक्षा भोगतो, ऋण फेडू शकत नाही.

नायकाने बचाव नाकारला म्हणून त्याचा अपराध पुसला जात नाही. केवळ त्या अपराधाकडे करुणेने पाहणे शक्य होते. तौलनिक अभ्यासात परंपरांमधील शोकात्म नायक शेजारी ठेवताना त्यांच्या दोषांची मोजदाद करण्यापेक्षा तीन गोष्टी पाहणे म्हणूनच उचित वाटते : त्यांना कोणता बचाव उपलब्ध होता, तो कोणी मांडला, आणि तो मांडला जात असताना दुसऱ्या कोणाचे दुःख अनुच्चारित राहिले. यांतील तिसरा प्रश्न मराठी समीक्षेने सुधाकराच्या बाबतीत पुरेशा गांभीर्याने विचारला, तर सिंधूकडे केवळ आदर्श म्हणून पाहण्याची सवयही तपासली जाईल.